बैलगाडीतली चूल

कुंथियाच्या बाजेखालची चूल पेटून पुरता आठवडाही झाला नव्हता आणि नदीला मासळी आली. मासळीला कुणाच्या घरचं बाळंतपण कळत नाही.

थंडीत चंद्र भरत आला की मोठ्या तळ्याचं पाणी नदीवाटे खाली ओढ घेतं आणि त्याच्याबरोबर बोटाएवढी रिएल मासळी झुंडीनं उतरते. थोडे दिवस येते, मग नाही म्हणजे नाही. आम्ही भातवाले. नदी आमच्या गावापासून बैलगाडीनं एका दिवसाच्या वाटेवर. त्या दिवसांत गाव असं ओस पडतं की कुत्रीसुद्धा गाड्यांमागे निघतात. नदीकाठी पालं ठोकायची, भात देऊन मासळी घ्यायची, तिथंच तिचा प्राहोक घालायचा आणि रांजण भरून परत यायचं. खारवून, वाळवून, ठेचून मुरवलेली मासळी ती. घरात असली की वर्षभर जेवणाला चव असते. नसली तर भात आणि मीठ.

मी शिडी चढून वर गेले तेव्हा सारोम रिकामे रांजण बोटाच्या पेरानं वाजवून बघत होती, तडा गेलाय की काय म्हणून. सारोम माझी शेजारीण, वयानं मोठी, म्हणून मी तिला बोंग म्हणते. कुंथिया तिची थोरली, मला मिंग म्हणते, म्हणजे मावशी. आमच्याकडे जावईच बायकोच्या घरी राहायला येतो, त्यामुळं कुंथियाचा नवरा विचेत याच घरात होता. गरीब पोरगा. सासूला मे, म्हणजे आई, म्हणायचा, पण तिच्यासमोर बोलायचं म्हटलं तर आधी घसा खाकरायचा, आणि बऱ्याचदा खाकरण्यावरच भागवायचा.

कुंथिया कोपऱ्यात बांबूच्या बाजेवर पडली होती. डोक्याला लोकरी टोपी, पायांत मोजे, कानांत कापूस. बाजेखाली तीन दगडांची चूल मंद धुमसत होती. विचेतनं पावसाळ्यापासून फोडून ठेवलेलं लाकूड भिंतीला रचलेलं होतं. पोरीच्या गळ्यावरून घामाचे ओघळ चालले होते. कुशीत पोर. त्या पोरीला अजून नाव नव्हतं, चूल उतरवण्याच्या दिवशी ठेवायचं होतं. तोवर तिला सगळे उंदरी म्हणत.

"शेक लागतोय का गं नीट?" मी विचारलं.

"लागतोय कसला मिंग, भाजून निघालेय," ती हसली. "अजून थोडे दिवस ठेवलं तर बाजारात विकता येईल मला."

"मिरी घालून विकू. भाव येईल."

ती हसताना पोट धरून हसली, कारण अजून खाली दुखत होतं. पहिलटकरीण, त्यात पोर आडवं फिरलेलं. सुईण याय तेप, म्हणजे तेपआजी, रात्रभर तिच्या पोटाला तेल चोळत बसली होती.

तीच याय तेप त्या सकाळी शिडीच्या खालच्या पायरीवर बसून पान चघळत होती. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, कुणी उचलल्याशिवाय वर चढणं तिच्यानं होत नव्हतं. सारोम खाली उतरली आणि तिच्यासमोर उकिडवी बसली.

"याय, चूल उद्या उतरवून टाका. पान, मेणबत्त्या, कापड, सगळं आणून ठेवलंय मी."

"उद्या?" याय तेपनं पिंक टाकली. "पोरीच्या शिरा कच्च्या आहेत अजून. रक्त थांबलं का?"

"थांबतंय की."

"थांबतंय आणि थांबलं यात फरक आहे."

"गाड्या निघायला लागल्यात याय. धाकट्या बोफाला शहरातल्या कारखान्यातून रजा मिळत नाही. घरात हातच नाहीत. मी आणि जावई. मुंडकी कोण छाटणार, मीठ कोण लावणार?" सारोमचा आवाज चढला. "माझी तर पहिल्या वेळी चूल कधी पेटलीच नव्हती. पोल पोटच्या राज्यात दुसऱ्या दिवशी बांधावर माती वाहायला उभं केलं होतं मला. मेले का मी?"

याय तेपनं नुसतं बोट केलं, सारोमच्या पायांकडे. ते पाय सगळ्या गावाला माहीत होते. थंड पाणी लागलं की गुडघ्यापर्यंत सुजायचे आणि रात्रभर ठणकायचे. भातलावणीलाही ती बांधावरूनच रोपं द्यायची. बाळंतवात म्हणतात तो हाच. तो पायांत शिरतो तसा नाकातही शिरतो. कच्च्या अंगानं जे खाल्लं, ज्यात राबलं, त्याचा वासही पुढं सोसत नाही. आपल्याकडे प्रत्येक तळ्याच्या कडेला नाळीची भाजी, गरिबाचं रोजचं जेवण, पण ती कुठं शिजली की सारोम उठून वाऱ्याला जाऊन बसायची. आम्ही तिला चिडवायचो, राणीसाहेबांना पाणभाजी चालत नाही म्हणून. ती पण हसायची.

"चूल मी पेटवली," याय तेप म्हणाली. "मी म्हणेन तेव्हा उतरेल. हवं तर पोरीला माझ्याकडे ठेव."

"तुमच्या पानात भात वाढायला माणूस लागतं याय. तिची चूल कोण जाळणार?"

सारोम गुडघ्यांवर हात टेकून उठली.

"उतरवायची नाही ना? नाही उतरवत. बरोबर नेते."

तिनं खरंच नेली. गाडीत भाताची पोती, मिठाची पोती, टोपल्या, रांजण, आणि मध्ये जागा करून बाजेच्या फळ्या. पायथ्याशी ते तीन दगड, आणि मातीच्या मडक्यात चुलीतले निखारे, वर राख. विचेतनं घसा खाकरला.

"मे, तिला इथंच..."

"काय इथंच? गावात उरतंय कोण? तू थांबतोस? थांब. मग मासळी मी तुडवते."

विचेतनं बैल जुंपले. याय तेप हसू की रडू अशा तोंडानं बघत होती. "गाडीत चूल नेलेली मी ऐकलीसुद्धा नाही," ती म्हणाली. "वारा लागू देऊ नको तिला. आणि पाण्यात पाय नाही घालायचा. ऐकलंस का?"

"पाण्यात कशाला घालेल? जावई आहे ना माझा."

खरं सांगायचं तर सारोमला मुंडकी छाटायला दोन हात हवे होते. पोरीवर तिची माया नव्हती असं नाही. वाटभर ती गाडीत मागं बसून आपल्या अंगानं वारा अडवत होती आणि फुंकर मारमारून मडक्यातले निखारे जिवंत ठेवत होती. पण मायेला पोट असतं, आणि ते वर्षभर भरावं लागतं.

नदीकाठी आमचं पाल त्यांच्या पालाला लागून पडलं. उत्तरेचा वारा पाण्यावरून सरळ अंगावर यायचा. विचेतनं तीन बाजूंनी चटया बांधल्या, बाज मांडली, खाली दगड लावून निखारे ओतले. कुंथिया धुरात खोकत आडवी झाली. दगड तेच, निखारे तेच, पण जमीन ओली होती आणि लाकूड आणलं होतं त्याहून जास्त लागत होतं. चूल नुसतीच धुपत राहिली.

पहिल्या दिवशी मासळीचा ढीग आला तेव्हा सारोमनं एक टोपली बाजेजवळ आणून ठेवली, वर सुरी.

"पडल्या पडल्या जमेल तेवढी मुंडकी छाट. हात तर मोकळेच आहेत."

हात मोकळेच होते म्हणून कुंथिया कुशीवर होऊन छाटायला लागली. दुपारी सारोम म्हणाली, पडून खांदा भरून येत असेल, उठून बस. ती उठून बसली. संध्याकाळी उजेड जायला लागला तशी सारोम म्हणाली, इथं अंधार आहे, बाहेर बसून उरलेली तेवढी आटप, शाल घे अंगावर. प्रत्येक वेळी मागणी वीतभरच असायची. नाही म्हणावं एवढी मोठी कधीच नसायची.

दुसऱ्या दिवशी ती उजाडल्यापासून बाहेरच होती. टोपी घातलेली, मोजे घातलेले, मोज्यांवर माशांची खवलं चिकटलेली. उंदरी मांडीवर बांधलेली. पोर रडलं की एका हातानं पाजायची आणि दुसऱ्या हातानं टोपलीत चाळवायची. मिठानं बोटं चिरली होती. मी म्हटलं, "बोंग, तिला जरा टेकू दे."

"टेकतेय की मधून मधून," सारोम म्हणाली. "हो की नाही गं?"

"हो मे," कुंथिया म्हणाली.

तिच्या सारोंगला मागं रक्ताचा डाग होता. मी डोळ्यांनी खूण केली. तिनं शाल ओढून झाकला आणि छाटत राहिली. काठावर पुरुषमाणसं जात-येत होती. लाज वाटली तिला. मला तिची दया आली आणि सारोमचा राग आला, पण माझ्या स्वतःच्या टोपल्या उन्हात होत्या. तिथं प्रत्येकाची मासळी सडत असते.

मुंडकी छाटली की खरं काम पुढंच. बांबूच्या मोठ्या टोपलीत मासळी घालून ती टोपली काठालगत पाण्यात उभी करायची आणि आत उतरून पायांनी तुडवायची. चरबी सुटून वर तरंगेपर्यंत, आतडी निघून पाणी निवळेपर्यंत. गुडघाभर गार पाण्यात तासन्‌तास. हे विचेत करत होता, आणि मनापासून करत होता. तुडवताना तो बायकोकडे बघून नाचल्यासारखे पाय टाकायचा. ती हसायची. त्या दोन दिवसांत तिला हसताना बघितलं ते तेवढंच.

तिसऱ्या दिवशी सकाळी टोपलीची एक कांब फुटली आणि तिची कपची विचेतच्या तळपायात आरपार शिरली. उपटून काढली तशी धार लागली. मी हळद दाबली, फडकं बांधलं. तरी तो परत उतरायला निघाला.

"थांब," सारोम म्हणाली. "त्या घाण पाण्यात पाय सडवून घेशील. पुढं नांगर कोण धरणार?"

तो खाली बसला. मागं मासळीचा नवा ढीग होता, आदल्या दिवशी सगळं उरलेलं भात देऊन घेतलेला. उन्हं वर यायला लागली होती. माशांवर माशा बसायला सुरुवात झाली होती.

सारोम पाण्याच्या कडेला गेली. सारोंग गुडघ्यावर घेऊन एक पाय घातला. तोंड वाकडं झालं तिचं. दुसरा पाय उचलेपर्यंत पहिल्या पायानं तिला दगा दिला आणि ती चिखलात बसली. काठावरचं कुणीतरी हसलं. "मावशीबाई, पोहायला आलात का?" सारोम उठली, चिखल झटकला आणि मासळीच्या ढिगासमोर येऊन बसली.

मी म्हटलं, "माझी एक टोपली उरकली की येते मी."

"तुझं उरकेपर्यंत ही राहील का?" ती म्हणाली. मग कुणाकडेही न बघता बोलली, "जाऊ दे. राहू दे सगळं. वर्षभर भात आणि मीठ खाऊ. नशिबात असेल ते."

एवढंच बोलली ती. कुंथियाला तुडव म्हणून ती एका शब्दानंही म्हणाली नाही. मी तिथं होते, मी शपथेवर सांगेन. पण म्हणाली असती तर बरं झालं असतं, कारण मग पोरीला नाही म्हणता आलं असतं.

कुंथियानं सुरी ठेवली. उंदरीला बाजेवर निजवलं. मोजे काढले, एकात एक घातले, उशीखाली ठेवले. विचेत म्हणाला, "नको गं, नको." त्यानं घसा खाकरला नाही, सरळ म्हणाला. ती म्हणाली, "थोडंच. उन्हं आहेत आता." आणि चालत पाण्यात गेली.

टोपलीच्या काठाला धरून ती तुडवत राहिली. टोपी तशीच डोक्यावर. पाण्यावर चरबीची साय आली, त्यात लाल रेघ होती, ती मासळीची की तिची कुणाला कळणार. सारोम काठावर बसून मीठ लावत होती. मान वर करत नव्हती. मी माझी टोपली अर्धी तशीच ठेवून गेले आणि दुसऱ्या बाजूनं आत उतरले. कुंथियाचे ओठ निळे पडले होते.

"जा वर," मी म्हटलं.

"एवढी टोपली, मिंग."

"जा म्हणते ना!"

"मेनं कधी कुणाकडं काही मागितलं नाही, मिंग," ती म्हणाली. "मीठभात खाऊ म्हणाली. ऐकलंत ना तुम्ही."

ती टोपली झाली, मग दुसरीही झाली. दुपारनंतर ती स्वतःच वर आली आणि बाजेवर बसली. बसल्या बसल्या हुडहुडी भरली. दात वाजायला लागले. विचेतनं सगळं लाकूड चुलीत कोंबलं, आमच्या पालातलंही आणलं. अंगावर घोंगडी, पोती, जे असेल ते घातलं. बाज थरथरत होती. उंदरी भुकेनं रडायला लागली तशी सारोमनं पोर उचलून तिच्या छातीला लावलं. पोरीनं ओढलं, सोडलं आणि किंचाळली. परत लावलं. परत तेच.

सारोमनं लेकीची छाती हातात धरून दाबली. दोन दिवसांपूर्वी नुसत्या रडण्यानं पाझरायची ती. आता काही आलं नाही. दुसरी दाबली. तीही मऊ, रिकामी.

मी सारोमला कितीतरी वर्षं ओळखते. नवरा गेला तेव्हाही तिचा चेहरा असा झालेला मी पाहिला नव्हता. ती बाजेच्या कडेवर बसली आणि हात बघत राहिली.

"असंच झालं होतं," ती म्हणाली.

"काय, मे?" कुंथियाचे दात वाजत होते.

"असंच. आधी थंडी, मग दूध गेलं. तुझ्या आधी एक होता. मुलगा. माती वाहायला नेलं मला, कमरेएवढ्या पाण्यातून. संध्याकाळी आले तर छातीत काही नाही. पेज मिळायची, पाण्यासारखी, त्यात नाळीची भाजी. रोज तेच. मी त्याला भाजीचं पाणी बोटानं चाटवलं. किती चाटवलं." तिनं बोट पुढं केलं, जणू अजून त्याला काही लागलेलं आहे. "आवाज मोठा होता त्याचा. मग लहान होत गेला."

उंदरी रडत होती, आणि तिचा आवाज अजून मोठा होता.

सारोम उठली. पाण्यात उभी असलेली टोपली तिनं दोन्ही हातांनी धरली आणि नदीत उपडी केली. मग काठावरचा न तुडवलेला ढीग फावड्यानं ओढून ओढून पाण्यात लोटला. पाय पाण्यात होते तिचे, तिला कळतही नव्हतं. काठावरची माणसं ओरडायला लागली. "अहो बाई, वेड लागलं का? आम्हाला तरी द्या!" बगळे जमले. विचेत लंगडत बैल आणायला गेला. मीठ लावून, ठेचून झालेली तेवढी मासळी मी रांजणांत भरून दिली. दोनच भरले.

निघताना सारोमनं निखारे मडक्यात काढले. वाटभर ती मडकं छातीशी धरून बसली होती. तिच्या हाताला फोड आले ते मला नंतर दिसले.

गावात बाज परत जागेवर लागली, दगड परत खाली आले. याय तेपला आम्ही पाठीवर घेऊन वर चढवलं. तिनं कुंथियाच्या पोटरीवरून, पोटावरून हात फिरवला आणि सारोमला एक शब्द बोलली नाही. सारोम वाट बघत होती तिनं बोलायची. मुळ्यांचा काढा, दारूत भिजवलेली सालं, गरम वीट, मिरीची मासळी, जे जे होतं ते झालं. ताप चढत उतरत राहिला. उंदरीला तांदळाची पेज आणि बाजारातलं डब्याचं दूध चमच्यानं पाजलं. विचेतनं त्यासाठी सायकल विकली, आणि कुणाला न विचारता विकली.

पोरगी जगली. आई पण जगली. पण दूध परत आलं नाही.

ताप उतरल्यावर मग कुठं याय तेपनं दिवस सांगितला. पान, मेणबत्त्या, कापड सगळं मांडलं. दगड एकेक करून काढले, राख उचलली, बाजेखालची जमीन पाण्यानं शिंपली. कुंथियानं हात जोडून रीतीप्रमाणं म्हटलं, "याय, माझ्या रक्तानं तुमचे हात माखले. मला माफ करा." यायनं तिच्या मनगटाला दोरा बांधला. उंदरीला नाव मिळालं, मालिस, म्हणजे जाई. सारोम मागं खांबाला टेकून बसली होती. मला वाटलं तीही काही म्हणेल. तिचे हात जुळलेले होते, पण आईनं लेकीची माफी मागायची अशी रीत कुठं नाही, म्हणून शब्दही नव्हते तिच्याजवळ.

त्यानंतर प्राहोक मुरला. सारोमनं पहिल्या रांजणाचं झाकण काढलं, मुठीएवढा गोळा केळीच्या पानात बांधून निखाऱ्यावर भाजायला ठेवला. तो वास आला की आमच्याकडे झोपलेलं माणूस उठून ताटाशी बसतं. कुंथिया शिडीवर पोरीला खेळवत होती. वास तिथवर गेला आणि तिनं पोर विचेतच्या हातात टाकलं. खाली उतरेपर्यंतही दम निघाला नाही. पोटातलं सगळं बाहेर आलं, आणि मग ती थरथरायला लागली, नदीकाठी थरथरली होती तशीच.

आम्हाला वाटलं, आजचं असेल. दुसऱ्या दिवशीही तेच. झाकण उघडलं, चमचा बाहेर आला, कुणी शेजारी जेवून तिच्याशी बोललं, तरी तेच. घराघरात रोज दोन वेळा तो वास. तिनं जायचं कुठं?

शेवटी सारोमनं दोन्ही रांजण माझ्या घरी आणले. एकेक करून, त्या पायांनी, मधे मधे टेकत. मी मदतीला गेले तर म्हणाली, "नको. मलाच नेऊ दे." मग त्या घरात कुणीच प्राहोक खाल्ला नाही. विचेत कधी कधी माझ्याकडे येऊन उभ्या उभ्या खाऊन जायचा आणि तळ्यावर तोंड धुऊन मग घरी. कुंथिया भात आणि मीठ खायची. ज्याला भिऊन ती पाण्यात उतरली होती, तेच तिच्या ताटात येऊन बसलं.

एकदा मी बसलेली असताना तिनं आईला विचारलं, "मे, हे जातं का गं पुढं कधी?"

सारोम तांदूळ निवडत होती. सूप थांबलं. "जातं की."

"कशावरून?"

"माझं नाही का गेलं?"

"तुझं कुठं गेलं? तू तर भाजीचा वास आला की..."

"ते सवयीनं. तुम्ही चिडवता म्हणून नखरे करते मी. केव्हाच गेलंय." ती माझ्याकडे वळली. "फाली, तुझ्या तळ्यावर नाळीची भाजी माजलीय ना? आण बरं थोडी."

मी तिच्या तोंडाकडे बघितलं. तिनं डोळे काढले. मी आणली. सारोमनं लसूण घालून परतली, भातावर घेतली आणि लेकीसमोर बसून खायला लागली. घास मोठे घेत होती. मधे पाणी प्यायली नाही. "कोवळी आहे," म्हणाली. कपाळावर घाम फुटला होता, तिनं खांद्याला पुसला आणि म्हणाली की मिरची जास्त पडली. ताट स्वच्छ करून ती उठली. "बघितलंस? जातं. वेळ लागतो, पण जातं."

कुंथिया हसली. बऱ्याच दिवसांनी हसली. पोरीला उचलून म्हणाली, "ऐकलंस गं मालिस, आजीचं गेलं."

ताट विसळायचं निमित्त करून सारोम खाली उतरली. माझ्या घरामागं केळी आहेत, तिथं मला ती सापडली. केळीच्या बुंध्याला दोन्ही हातांनी धरून ओणवी झाली होती. आधी भाजी बाहेर आली, मग भात, मग नुसतं पिवळं पाणी. मी पाठ धरली.

"बोंग, कशाला गं हे?"

"तिला सांगू नको," तिनं तोंड पुसलं. "शप्पथ आहे तुला."

मी पाणी आणून दिलं. चूळ भरून, फडक्यानं डोळे टिपून ती वर गेली, आणि वर जाताना मोठ्यानं काहीतरी गाणं म्हणत गेली.

आता ती बाजाराच्या दिवशी हमखास ती भाजी करते. ताट धुवायला माझ्याकडेच येते. मी केळीशी पाण्याचा तांब्या आधीच भरून ठेवते.

आणि कुंथिया मधून मधून पोरीला कडेवर घेऊन माझ्या घरी येते. रांजणाजवळ जाते, श्वास रोखते आणि झाकण बोटभर सरकवते. क्षणभर थांबून हळूच श्वास घेते. मग झाकण परत लावते आणि तोंडावर हात धरून बाहेर पळते. अंगणात बसून जरा सावरली की माझ्याकडे बघून हसते.

"आज नाही, मिंग," म्हणते. "पण मेचं गेलं ना, माझंही जाईल."